फळा तोच, भाषा दुसरी

२००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आमच्या पिढीने एबीसीडी गिरवली ती पाचवीत. शिकवणारे गुरुजीही त्या भाषेला आमच्याइतकेच बिचकत. त्यामुळे त्या निर्णयावर वाद रंगला तेव्हा मला एकच प्रश्न छळत होता : हे शिकवणार कोण? भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न घेऊन ग्रंथालयात बसू लागलो आणि वाचता वाचता थेट हंगेरीत जाऊन पोहोचलो.

आज युरोपातल्या बहुतेक देशांत शाळकरी मुलांची पहिली परकी भाषा इंग्रजी असते. हा सारा इंग्लंड-अमेरिकेच्या वजनाचा प्रताप, असा आपला समज असतो. हंगेरीत मात्र इंग्रजीला वाट मिळाली ती दुसऱ्याच एका भाषेने माघार घेतल्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला. १९४९ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांपासून पुढे सर्वांना रशियन सक्तीची झाली. इतके रशियन शिक्षक आणायचे कुठून? इतर परकी भाषा शिकवणाऱ्यांनाच घाईघाईने रशियन शिकवून वर्गावर उभे केले गेले. विद्यार्थ्यांच्या एखादाच धडा पुढे राहून शिकवण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यात १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला. जेत्यांची भाषा मुले पाठ करत, उत्तीर्ण होत आणि विसरून जात. वर्षानुवर्षे शिकूनही साधे संभाषण जमत नसे. कित्येकांना त्याचा अभिमानच वाटे.

१९८९ साली ही सक्ती उठली. पालकांना इंग्रजी किंवा जर्मन हवी होती आणि शाळा भरल्या होत्या रशियनच्या शिक्षकांनी. मग चाळीस वर्षांपूर्वीचाच प्रकार उलट्या दिशेने घडला. हे शिक्षक दिवसा वर्ग सांभाळत आणि उरल्या वेळात नवी भाषा शिकत. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९९० मध्ये आले. त्याच सुमारास बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठात पेतेर मेद्येश यांच्या पुढाकाराने इंग्रजी शिक्षक घडवणारे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे केंद्र उभे राहिले. मेद्येश यांनी पुढे एक पुस्तकच लिहिले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या इंग्रजी शिक्षकाविषयी. त्या शिक्षकाला कमअस्सल समजू नका, भाषा शिकण्याची वाट तो स्वतः चाललेला असतो, हे त्यांचे म्हणणे मला आमच्या गुरुजींकडे नव्याने पाहायला लावणारे ठरले.

सुरुवातीला प्राथमिक शाळांत जर्मनचा जोर होता. ऑस्ट्रिया शेजारी, जुने संबंध, जर्मन पर्यटक. पुढे इंग्रजीने तिला मागे टाकले. पदवीसाठी परकी भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र अनिवार्य झाले. ते नसल्यामुळे हजारोंच्या पदव्या अडकून पडल्या. अखेर २०२० मध्ये करोनाकाळात सरकारने त्यांना सूट दिली.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? २०१२ च्या युरोबॅरोमीटर पाहणीत ६५ टक्के हंगेरियनांनी सांगितले की, मातृभाषेखेरीज कुठल्याच भाषेत आपल्याला संभाषण करता येत नाही. त्याच पाहणीत स्वीडनमधल्या ८६ टक्के लोकांना इंग्रजीत बोलता येत होते. स्वीडिश ही इंग्रजीची नातलग आणि हंगेरियन वेगळ्याच कुळातली, हे खरेच. पण स्वीडनने इंग्रजी १९६२ च्या शालेय रचनेतच सर्व मुलांसाठी ठेवली होती. शिवाय तिथे परदेशी चित्रपट मूळ आवाजात, खाली स्वीडिश ओळी देऊन दाखवतात. हंगेरीत ते हंगेरियन आवाजात ऐकू येतात. शाळेतली भाषा स्वीडिश मुलाला घरीही भेटत राहिली.

हंगेरीत एका माणसाच्या नोकरीच्या काळात शाळेतली परकी भाषा दोनदा बदलली. १९४९ मध्ये तरुण असलेल्या एखाद्या शिक्षकाने इंग्रजी पुसून रशियन लिहिली असेल आणि निवृत्तीच्या वयात तीच रशियन पुसली जाताना पाहिली असेल. हुकूम निघायला एक दिवस पुरतो. शिक्षक घडायला वर्षे लागतात आणि भाषा मुलांच्या ओठांवर यायला त्याहून अधिक. आपल्याकडे पहिलीच्या वर्गात कुठली भाषा असावी यावर आपण अजून हिरिरीने भांडतो. शिकवणाऱ्याबद्दल कुणी विचारले की मात्र सभा शांत होते.