तट कोणाविरुद्ध? बाल्टिकच्या तीन बंदरांतील पायी फेरी

बाल्टिक समुद्रातील क्रूझचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी जहाज एखाद्या जुन्या बंदराला लागते, धक्क्यावर बसगाड्या उभ्या असतात आणि सायंकाळी ठरलेल्या वेळी जहाजावर परतायचे असते. बस प्रवाशांना जुन्या शहराच्या दारापर्यंत नेते. मग मनोरे, चर्चे आणि व्यापाऱ्यांची रंगीत घरे पाहून होतात आणि दिवस मावळतो. यात वाईट काहीच नाही. मात्र इतिहासाची ओढ असलेल्याने बस सोडावी, धक्क्यावरून पायी निघावे आणि वेशीतून आत शिरण्यापूर्वी तटाबाहेर काही क्षण थांबावे. तट पाहिला की आपल्या मनात परकी सैन्ये उभी राहतात. ती आलीही होती. पण या शहरांच्या भिंतींना आणखी एक बाजू होती. ती आपल्याच मुलखातील शेतकऱ्यांकडे तोंड करून होती.

एस्टोनियातील टालिनपासून आरंभ करू, कारण पायी फिरणाऱ्यासाठी याहून सोपे बंदर विरळा. धक्क्यावरून थोडे चालले की ‘लठ्ठ मार्गारेट’ नावाचा अवाढव्य गोल बुरूज समोर येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या बुरुजात आज सागरी संग्रहालय आहे. त्याच्या शेजारच्या वेशीतून आत गेले की पिक्क रस्ता लागतो. ‘पिक्क’ म्हणजे लांब. बंदरातून माल शहरात नेण्याचा हाच मार्ग. उजव्या हाताला ‘तीन बहिणी’ नावाची व्यापाऱ्यांची तीन जोडघरे दिसतात. यांच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करून पाहा. माल दोराने ओढून वरच्या मजल्यांवरील कोठारात चढवला जाई आणि कुटुंब खाली राही. पश्चिमेकडून मीठ आणि कापड येई. पूर्वेला नोव्हगोरोदकडून मेण आणि फर. मिठाची तर अशी महती की टालिन मिठावर उभे राहिले, असे आजही म्हटले जाते.

इथवरची कथा बसमधील मार्गदर्शकही सांगतो. खरी गंमत पुढे आहे.

१२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार याने हा डोंगर जिंकला. ‘टालिन’ या नावाचा अर्थ बहुधा ‘डॅनिश शहर’ असाच लावतात. १२४८ मध्ये खालच्या शहराला ल्यूबेकचा नगर-कायदा मिळाला. परिणाम असा की एकाच टेकडीच्या उतारावर दोन सत्ता नांदू लागल्या. वर टोमपेआवर राजसत्तेचे प्रतिनिधी, बिशप आणि जमीनदार सरदार. खाली व्यापारी आणि कारागीर. दोन्ही ठिकाणचे वरिष्ठ लोक बहुतांशी जर्मन भाषिक, पण कायदा वेगळा आणि स्वार्थही वेगळा. दोहोंना जोडणाऱ्या वाटा दोनच नावांनी ओळखल्या जातात: पिक्क याल्ग म्हणजे ‘लांब पाय’ आणि ल्युहिके याल्ग म्हणजे ‘आखूड पाय’. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून टालिन लंगडते, असा तेथील जुना विनोद आहे. लांब पायाच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्याखालून जाताना ध्यानात घ्यावे की ही वेस शहराच्या बाहेरच्या कडेला नाही. ती शहराच्या पोटात आहे. तिचा दरवाजा रात्री बंद होई, तो शेजाऱ्यापासून बचावासाठी. हे दोन भाग प्रशासकीयदृष्ट्या एक झाले ते थेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

या दोन सत्तांच्या मधोमध सापडला एस्टोनियन शेतकरी. १३४३ च्या एप्रिलमध्ये, संत जॉर्जच्या सणाच्या रात्री, उत्तर एस्टोनियातील शेतकऱ्यांनी उठाव केला आणि टालिनला वेढा घातला. ट्युटॉनिक ऑर्डरच्या सैन्याने तो चिरडला. तीनच वर्षांनी डेन्मार्कच्या राजाने हा मुलूख १९,००० मार्क चांदीला त्याच ऑर्डरला विकून टाकला. पुढच्या काळात शेतकऱ्याच्या पायातील साखळी आवळतच गेली आणि तो भूदास झाला. आता त्याच्यासमोर एकच आशा होती: शहर. जर्मन नगर-परंपरेत असा संकेत होता की वर्ष आणि एक दिवस शहरात राहिलेला भूदास मुक्त समजावा. म्हणजे जो तट जमीनदाराला कमाईची भिंत वाटे, तोच तट पळून आलेल्याला आसरा होता. जमीनदार पळालेली माणसे परत मागत, नगरपरिषद टाळाटाळ करी, आणि हे भांडण पिढ्यान्पिढ्या चाले.

त्याचा कडेलोट १५३५ मध्ये झाला. योहान फॉन उक्सक्युल या सरदारावर आपल्याच एका शेतकऱ्याची हत्या केल्याचा आरोप होता. स्वतःच्या जहागिरीत त्याला कोण विचारणार? पण तो टालिनच्या हद्दीत आला आणि नगरपरिषदेने त्याला पकडले, न्यायनिवाडा केला आणि वेशीशी त्याचा शिरच्छेद केला. सरदारवर्ग हादरला. हार्यू रस्त्याच्या टोकाशी असलेली ती वेस आज उभी नाही. रस्त्याच्या एका बाजूला उद्यान दिसते, तेही मूळचे नाही. ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात तेथील घरे गेली.

ही कथा ऐकून नगरपरिषदेला दीनांची कैवारी ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याच शहरातील एस्टोनियन हमाल, गाडीवान आणि पाथरवट ‘बिगर-जर्मन’ म्हणून ओळखले जात आणि मोठ्या व्यापारी गिल्डची दारे त्यांना बंद होती. परिषदेने राखला तो आपला न्यायाधिकार. शेतकऱ्याच्या जिवाची किंमत त्या ओघात मोजली गेली, इतकेच. एस्टोनियातील भूदासपद संपायला १८१६ साल उजाडावे लागले.

पुढचे बंदर स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील विस्बी. येथील सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा तट आजही बऱ्याच अंशी उभा आहे आणि धक्क्यावरून पायी गाठता येतो. गॉटलंडचा शेतकरी भूदास नव्हता. तो स्वतंत्र होता, स्वतः जहाजे हाकारून व्यापार करणारा होता, आणि विस्बीच्या व्यापाऱ्यांना नेमके तेच खुपत होते. १२८८ मध्ये शहर आणि ग्रामीण बेट यांच्यात उघड युद्ध झाले. जमिनीकडचा तट पाहताना हे वर्ष आठवावे.

जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार बेटावर उतरला. गावोगावचे शेतकरी त्याला अडवायला निघाले आणि अखेरची लढाई विस्बीच्या तटासमोर झाली. वेशी बंद राहिल्या. सुमारे १,८०० शेतकरी मारले गेले, असे इतिहासकार मानतात. काही दिवसांतच शहराने शरणागती पत्करली आणि राजाने त्याचे व्यापारी हक्क कायम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी तटाबाहेरील सामूहिक कबरी उकरल्या तेव्हा अकराशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. त्यांत कोवळी मुले होती, म्हातारे होते; कित्येकांच्या अंगावर साखळी-चिलखत तसेच होते.

कार्ल गुस्टाफ हेलक्विस्ट या चित्रकाराने १८८२ मध्ये या प्रसंगावर भव्य चित्र काढले. त्यात आहेत खंडणी भरणारे विस्बीचे नागरिक, त्यांचे दागिने, त्यांची व्यथा. चित्र देखणे आहे. पण ते तटाच्या आतले आहे. बाहेर, कबरींच्या जागी, एक दगडी क्रूस उभा आहे. त्यावरील लॅटिन लेख सांगतो की ही माणसे विस्बीच्या वेशीपुढे पडली. ‘वेशीपुढे’ हा शब्द कोरणाऱ्याने जाणूनबुजून वापरला की नाही, हे कळायला मार्ग नाही. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द ज्या भाषेत इतका जड आहे, त्या भाषेच्या वाचकाला मात्र तो बोचल्यावाचून राहणार नाही.

कोपनहेगनचे तट मुख्यतः परक्या शत्रूसाठीच होते. त्यांच्या खंदकाचा एक तुकडा आज टिव्होली उद्यानातील तळे होऊन राहिला आहे. क्रूझचा धक्का दूर असल्यामुळे इथे मात्र बस किंवा रेल्वे घ्यावी आणि मध्यवर्ती स्थानकावर उतरावे. स्थानकाजवळ, वेस्टरब्रोगेड रस्त्याच्या मधोमध, गर्दीत हरवलेला एक स्तंभ आहे. १७३३ च्या कायद्याने डॅनिश शेतकऱ्यांच्या मुलांना ठरावीक वयात जन्मगावची जहागीर सोडून जाण्यास बंदी होती. नंतर ही बंदी वयाच्या चौथ्या वर्षापासून चाळिसाव्यापर्यंत वाढवली गेली. १७८८ मध्ये ती रद्द झाली. त्या स्मरणार्थ १७९२ मध्ये पायाभरणी झालेला हा ‘स्वातंत्र्य-स्तंभ’ तेव्हा पश्चिम वेशीच्या बाहेर होता, खेड्यांतून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर. भूमिहीन शेतमजुरांच्या वाट्याला या सुधारणेतून फारसे काही आले नाही. त्याच १७९२ मध्ये डेन्मार्कने अटलांटिकवरील गुलामांचा व्यापार थांबवण्याचा आदेशही काढला; तो अमलात आला १८०३ मध्ये, आणि कॅरिबियनमधील डॅनिश बेटांवरील गुलामगिरी सुटली ती १८४८ मध्ये, गुलामांनी स्वतः उठाव केल्यानंतर.