नर्मदाकाठ सोडून शहाद्याच्या सपाटीवर: विस्थापित आदिवासींचे वसणे

परक्या मुलखात गेलेल्या माणसाला काय काय नव्याने शिकावे लागते, याची चर्चा आपण बहुतेक वेळा लंडन-अमेरिकेच्या संदर्भात करतो. नंदुरबार जिल्ह्यात हाच अनुभव पासपोर्टशिवाय घेतलेली कितीतरी कुटुंबे राहतात. सरदार सरोवर धरणामुळे नर्मदेचा काठ सोडून शहादा आणि तळोदा तालुक्यांच्या सपाटीवर आलेले हे आदिवासी. त्यांच्याबद्दलची मूलभूत माहिती आम्ही येथे देत आहोत.

कोण, कुठून, कुठे?

या धरणाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील आणि २४ अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातील. गावकरी मुख्यतः भिल्ल आणि पावरा. तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. काही कुटुंबे गुजरातमध्ये गेली. उरलेल्यांसाठी १९९० ते १९९४ या काळात तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा, रेवानगर, तर शहादा तालुक्यात वडछील, काथर्दे दिगर अशा पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या.

कागदावरचा हक्क

नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ चा. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते, त्याला किमान २ हेक्टर सिंचनक्षम जमीन द्यावी आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानावे, असे त्यात आहे. घरासाठी ६० बाय ९० फुटांचा भूखंड मोफत, ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर, १०० कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, ५०० कुटुंबांमागे दवाखाना आणि पंचायत घर, हेही ठरले होते. महाराष्ट्राने भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांना १ हेक्टर देण्याचे धोरण घेतले.

निवाडा वाचला तर वाटते, सगळ्याचा विचार झाला आहे. पण ज्यांच्या जमिनीची कधी नीट मोजणीच झाली नव्हती, त्यांना आपण बाधित आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. यादीत नाव असलेला तो ‘घोषित’ आणि नसलेला ‘अघोषित’. हे दोन सरकारी शब्द आज वसाहतीत कोणालाही समजतात. परदेशात व्हिसाच्या शिक्क्यावर माणसाचे जगणे ठरते, तसे येथे यादीतल्या नावावर ठरले.

शेती तीच, रीत वेगळी

डोंगरातली शेती पावसावरची आणि घरापुरती: ज्वारी, मका, भगर, डाळी. जोडीला नदीतले मासे, मोहाची फुले, जंगलातला पाला, लाकूड आणि बांबू. मीठ, कापड यांसाठी आठवड्याच्या बाजारात थोडे पैसे लागत. शहाद्याची शेती मात्र कापूस, ऊस, केळी, पपईची आणि बाजाराच्या भावावर चालणारी. बियाणे, खत, फवारणी, बोअर, विजेचे बिल, प्रत्येक गोष्टीला आधी पैसा हवा. नदी दूर आणि जंगल तोडलेले, म्हणून सरपण आणि भाजीही विकत. जमीन मिळूनही कर्ज का झाले, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

भाषा, शाळा, देव

घरात पावरी किंवा भिलोरी, बाजारात अहिराणी आणि गुजरी, शाळेत व कचेरीत प्रमाण मराठी. पहिलीतल्या मुलाला शिक्षकाचे बोलणे कळत नाही, तेव्हा मूल मठ्ठ ठरते. भाषेचा विचार कोणी करत नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीपासून जीवनशाळा सुरू केल्या, त्यामागचे एक कारण हेच.

देवांचेही तसेच. गावदेवाची जागा डोंगरात, झाडाखाली ठरलेली. ती पाण्याखाली गेल्यावर नव्या वसाहतीत पुन्हा स्थापना करावी लागते. होळी मात्र लोकांनी सोबत आणली. ढोल, बासरी, मोरपिसांचे टोप घालून होणारे नाच सपाटीवरही होतात आणि विखुरलेले नातेवाईक त्या निमित्ताने एकत्र येतात.

शेजार

आलेल्यांना दिलेली वनजमीन सगळी रिकामी नव्हती. त्यातील काही जमीन स्थानिक आदिवासी आधीपासून कसत होते. एका गरिबाला वसवताना दुसऱ्या गरिबाच्या हातचे शेत गेले आणि भांडण दोघांमध्ये लागले. शहादा हा तर १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या भूमी-आंदोलनाचा तालुका. जमीन म्हणजे काय, हे येथल्या आदिवासींना सांगावे लागत नाही. आमच्या मते, या वादाची जबाबदारी दोघांपैकी कोणावरही टाकता येणार नाही. जागा निवडणाऱ्यांनी तिची आधी नीट पाहणी करायला हवी होती.

जगाने काय म्हटले?

जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आंदोलनानंतर नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक टीका केली आणि १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज घेणे थांबवले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला आहे. हलवलेल्या आदिवासींना आधीच्या तोडीची जमीन द्यावी, असे तो सांगतो. जून २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद करण्याची परवानगी मिळाली आणि उंची १३८.६८ मीटर झाली.

आपण काय पाहावे?

कुटुंब वसाहतीत आले की सरकारी तक्त्यात पुनर्वसन पूर्ण होते. आम्ही वाचकांना वेगळे प्रश्न विचारायला सांगू. सातबाऱ्यावर नाव चढले का? असल्यास बाईचेही आहे का? मुलाला जातीचा दाखला मिळताना ‘मूळ गाव कोणते’ या प्रश्नावर अडवले जाते का? उन्हाळ्यात विहिरीला पाणी असते का? ग्रामसभेत नव्या वस्तीचा माणूस बोलतो का, आणि जुने गावकरी ऐकतात का? ही उत्तरे तालुक्याच्या कचेरीत मिळाली नाहीत, तर वसाहतीत जाऊन विचारावीत.