पोस्टाच्या पाकिटातलं मत

मतदान म्हटलं की शाळेतली रांग आणि बोटाची शाई आठवते. पण रांगेत न उभं राहता मत द्यायची सोयही आपल्याकडे जुनी आहे. तिला टपाली मतदान म्हणतात. ती आधी कोणाला मिळाली आणि आपल्या घरापर्यंत कशी आली, ते आज बघू.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही सोय आहे. ती प्रामुख्याने सैनिकांसाठी होती. सीमेवरचा जवान मतदानाला गावी कसा येणार? साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांना हे सांगायला नको. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी आणि प्रतिबंधात्मक अटकेतले लोकही यात येतात.

टपालात मत गुप्त राहावं म्हणून दोन पाकिटं असतात. खूण केलेली मतपत्रिका लहान पाकिटात बंद करायची. ते पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र मोठ्या पाकिटात घालायचं. मोजणीला आधी घोषणापत्र तपासतात. त्यात चूक निघाली तर लहान पाकीट उघडतच नाहीत. मोजणी सुरू व्हायच्या वेळेनंतर आलेलं पाकीटही धरत नाहीत. २०१६ पासून सैनिकांना कोरी मतपत्रिका इंटरनेटवरून जाते, त्यामुळे जाण्याचे दिवस वाचतात. परत मात्र ती पोस्टानेच येते.

यात बायकांचीही एक गोष्ट आहे. सैनिकासोबत राहणाऱ्या पत्नीला त्याच्यासारखीच नोंदणी मिळायची, कारण १९५० च्या कायद्यात शब्द होता 'पत्नी'. मग सैन्यातल्या बाईच्या नवऱ्याचं काय? त्याला ती सोय नव्हती. नोकरी पुरुषच करणार, असं कायदा धरून चालला होता. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने तो शब्द बदलून 'जोडीदार' या अर्थाचा शब्द घातला. एका शब्दाला सत्तर वर्षं लागली.

२०१९ मध्ये नियम बदलले आणि ८० वर्षांवरच्या व अपंग मतदारांना ही सोय मिळाली. झारखंडच्या विधानसभा निवडणुकीत काही मतदारसंघांत ती पहिल्यांदा वापरली. २०२४ मध्ये वयाची अट ८५ झाली. अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. यांचं मत पोस्टात टाकावं लागत नाही, कर्मचारीच मतपत्रिका घेऊन घरी येतात.

पण ही सोय आपोआप मिळत नाही. मतदार यादीत नाव हवं. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांत १२-ड नमुना भरून द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात. एकदा घरून मतदान स्वीकारलं की केंद्रावर मत देता येत नाही. ही सोय लोकसभा-विधानसभेची. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिचे नियम वेगळे.

आता खरी गोष्ट. केंद्रावर आडोसा असतो, घरात मुलगा, सून, नातू सगळे भोवती असतात. "आजी, इथं खूण कर," म्हणणारा हात पुढे आला, की मत आजीचं राहत नाही. पाकिटं दोन कशासाठी केली? मत कोणाचं ते कळावं, पण कोणाला दिलं ते कळू नये म्हणून. घरात ते दुसरं पाकीट आपणच व्हायचं. आजी खूण करेपर्यंत सगळ्यांनी बाहेर थांबायचं. दिसत नसेल, हात थरथरत असेल, तर सोबत कोण हवं ते आजीलाच विचारायचं.

पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीत पंच्याऐंशीच्या पुढचं कोण आहे, अंथरुणाला कोण खिळलंय, याची यादी करा. त्यांची नावं मतदार यादीत आहेत का, तेही बघा. पाच दिवस फार लवकर संपतात.