पालवणकर बाळू : चार रुपये पगाराचा गोलंदाज

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तह आणि तलवारी उभ्या राहतात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याने आयुष्यभर पगार घेतला आणि त्याच्या मोबदल्यात हाताचे कसब दिले, त्या माणसालाही इतिहास असतो. कामगार चळवळीत वय गेल्यामुळे माझी नजर अशा माणसाकडे आधी जाते. शाळेत मी फार दिवस गेलो नाही. वाचनाचा नाद लागला तो युनियनच्या कचेरीतल्या कपाटामुळे. त्या वाचनात भेटलेल्या एका गोलंदाजाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. त्यांचे नाव पालवणकर बाळू. खेळाची आवड नसलेल्यांनीही ती ऐकावी, कारण ती केवळ खेळाची हकीकत नाही. कसबाला मान केव्हा मिळतो आणि केव्हा मिळत नाही, हा तिचा खरा विषय आहे.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, चांभार जातीचे. वडील लष्कराच्या नोकरीनिमित्त पुण्यास होते. लष्करी अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळावयास शिकले. पुढे पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात बाळूंना नोकरी लागली. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चेंडू टाकणे, हे काम. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार झाला चार रुपये आणि कामात भर पडली नेटच्या जाळ्या उभारण्याची व टेनिसच्या मैदानावर रेषा आखण्याची.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून सराव करून घेत. बाळूंनी त्यांना बाद केले तर प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी कथा सांगितली जाते. आता जरा हिशोब करा. महिन्यात आठ वेळा साहेबाला बाद केले की चार रुपये, म्हणजे पुऱ्या पगाराइतकी वरकमाई. आमच्या धंद्यात याला उक्ते काम म्हणतात. उक्त्या कामाने हात चालतो, बोटे तयार होतात, परंतु माणसाची पायरी बदलत नाही. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या नोकराच्या हाती त्या क्लबात कोणी कधी बॅट दिली नाही, असे म्हणतात.

याचे कारण केवळ आपल्याकडील जातीत शोधून भागणार नाही. फलंदाजी मालकाची आणि गोलंदाजी मजुराची, ही वाटणी साहेबाने आपल्या देशातूनच आणली होती. इंग्लंडात पैसे न घेता खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारे ते ‘प्लेअर’. दोघांची नावेसुद्धा निराळ्या तऱ्हेने छापली जात आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही पुष्कळ ठिकाणी वेगळे असत. कप्तान बहुधा जंटलमनच व्हावयाचा. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचा पहिला पगारदार कप्तान लेन हटन. तो कप्तान झाला १९५२ साली. आणि हा जंटलमन-प्लेअर भेद अधिकृतपणे मिटला तो १९६२ साली. आपल्याकडे या वर्गभेदावर जातिभेदाचा दुसरा थर चढला होता. बाळूंना दोन्ही थर भेदावयाचे होते.

गोलंदाज म्हणून बाळू डावखुरे आणि मंदगती. चेंडू उंच देऊन फलंदाजाला पुढे ओढावयाचे आणि मग तो दोन्ही बाजूंना वळवावयाचा, ही त्यांची रीत. पुण्यातील हिंदू खेळाडूंना जेव्हा गोऱ्यांशी सामना करण्याची इच्छा झाली, तेव्हा अडचण उभी राहिली. सर्वांत चांगला गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर नोकर होता आणि तो अस्पृश्य होता. काही मंडळी त्याला घ्यावयास राजी होती, काही नव्हती. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. परंतु कसे आले? मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांनी झेलावा. चहाची वेळ झाली की इतरांना चिनी मातीचे पेले आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताटही निराळे. चेंडू बाटत नव्हता, पेला बाटत होता. मंडळी, गरजेपुरती समता म्हणजे काय, हे समजावून घेण्यास याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातला. बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ठेवला होता, असे सांगतात. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रूळ ओढला, त्याला रुळाची भीती कसली! बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. नंतर पुण्यात झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा गौरव केला. ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खाणेपिणे का नको, असा रानड्यांचा रोख होता. ज्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला उभी राहिली, तेच हे रानडे. तेव्हा अशा व्यासपीठावर बाळूंचा विषय परका नाही.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यात प्रवेशाच्या वेळी पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा गरजेनेच तो मिटवला. उदरनिर्वाहासाठी रेल्वेची नोकरी आणि मोठ्या सामन्यांत हिंदूंच्या संघाचे काम, असे त्यांचे आयुष्य सुरू झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयात समाजसुधारणेचा विजय पाहिला. मुंबईच्या जिमखान्यात तोवर सहभोजनाची अडचणही ओसरू लागली होती. दहा वर्षांत मातीच्या भांड्यापासून एका टेबलापर्यंत मजल गेली.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. महाराजांना समारंभ पुष्कळ असल्यामुळे मैदानावर ते फार दिसले नाहीत. संघाने २३ सामने खेळून ६ जिंकले आणि १५ गमावले. अशा हरणाऱ्या संघातून पस्तीस वर्षांच्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४ धावा. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ जण बाद केले. प्रथम दर्जाच्या साऱ्या कारकिर्दीत त्यांचे सामने अवघे ३३ आणि बळी १७९, सरासरी १५.२१. हे आकडे शिफारसपत्रासारखे आहेत. त्यांवर कोणाच्या सहीची गरज नाही.

आता प्रश्न असा की एवढ्या कर्तबगारीनंतर बाळू हिंदूंचे कप्तान झाले काय? नाही झाले. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी तर हा मान आपल्याहून ज्येष्ठ अशा बाळूंना मिळावयास हवा होता, असे स्वतः जाहीरपणे म्हटले. पै सारस्वत ब्राह्मण होते. त्यांचा हा मोठेपणा नोंदवलाच पाहिजे. परंतु निवड करणाऱ्यांनी ऐकले नाही.

कसब अंगी असले की त्याची किंमत आपोआप मिळते, असा पुष्कळांचा समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. किंमत मागावयास दुसरे दार उघडे असावे लागते. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो आडदांड खेळ खेळतात, त्यात एका माणसाचे काम एवढेच असते की संघाने हाक मारली की मैदानात यावे, जमिनीवर धरलेला चेंडू लाथेने दोन खांबांमधून उडवावा आणि परत बाकावर जाऊन बसावे. पीट गोगोलाक हा असा एक खेळाडू. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून परागंदा झालेल्या कुटुंबातला. बाकीचे चेंडू चवड्याने सरळ मारीत; हा आपल्या फुटबॉलसारखा तिरका येऊन पायाच्या वरच्या बाजूने मारी. १९६४ साली तो बफेलोच्या संघात आला. तेथील करार संपताच १९६६ मध्ये प्रतिस्पर्धी संघटनेच्या न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्याला घेतले. त्याबरोबर दोन्ही संघटनांत खेळाडू ओढण्याची चढाओढ भडकली आणि खर्चाच्या धास्तीने मालकांनी त्याच वर्षी जूनमध्ये विलीनीकरणाचा करार केला. लाथ मारणाऱ्या एका माणसामागे दोन मालक लागले, म्हणून त्याला भाव आला; आणि भाव चढताच मालक एक झाले. यातला दुसरा भाग आम्हा कामगारांना जास्त ओळखीचा आहे!

बाळूंपुढे असे दुसरे दार नव्हतेच. मुंबईचे तिरंगी आणि १९१२ पासूनचे चौरंगी सामने धर्मावर उभे होते. हिंदूंनी अपमान केला म्हणून बाळू पारश्यांकडे जाऊ शकत नव्हते, मुसलमानांकडे नाही आणि युरोपियनांकडे तर नाहीच. ज्या हिंदू संघात त्यांना कमीपणा होता, तोच एक संघ त्यांच्यासाठी होता. अशा वेळी माणसाच्या हाती एकच शस्त्र उरते, ते म्हणजे आपले काम थांबवणे.

ते शस्त्र उचलले त्यांच्या भावांनी. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही बाळूंच्या मागोमाग हिंदू संघातून खेळले. विठ्ठल तर आपल्या काळातील अव्वल फलंदाज. १९२० च्या डिसेंबरात चौरंगी सामने पुण्यास होते. कप्तान पै आजारी पडले. ज्येष्ठतेने विठ्ठल यांचा हक्क असताना कप्तानपद दिले गेले प्रा. दि. ब. देवधर यांना. देवधर थोर खेळाडू, त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. प्रश्न डावलण्याचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे, असे निवेदन वर्तमानपत्रांतून जाहीरपणे केले. वृत्तपत्रांत चर्चा झाली, लोकमत हलले. अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न त्या वेळी गांधीजींनी राष्ट्रापुढे ठेवला होता. त्याचेही बळ मिळाले. अंतिम सामन्यास पै बरे होऊन आले, दोघे बंधू परतले आणि बाळू उपकप्तान झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले कप्तानपद एवढेच. परंतु १९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली.

युनियनची पावती न फाडता झालेला हा संप होता, असे मी म्हणतो. त्याला यश का आले? कारण मागे बाळूंचे पंचवीस वर्षांचे काम उभे होते. बिनकामाच्या माणसाच्या संपाला कोणी भीत नाही. आणि उलट, नुसते काम पुरले असते तर बाळू १९१३ लाच कप्तान झाले असते. कर्तबगारीने पालवणकरांना संघात जागा दिली. नकाराने मान दिला. दोहोंपैकी एकाने भागले नसते.

बाळू पुढे राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईच्या विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. डॉ. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लढले आणि १३,२४५ मते मिळवून विजयी झाले. बाळूंना ११,२२५ मते पडली. या निवडणुकीची हकीकत सांगताना कित्येक जण बाळूंना बाबासाहेबांचे वैरी ठरवून मोकळे होतात. तसे करू नये. हिंदू समाजात राहून, आपली योग्यता सिद्ध करून तो समाज बदलेल, ही बाळूंची श्रद्धा. तिला त्यांच्या आयुष्यात थोडा आधार मिळाला होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की अवघ्या समाजाचा हक्क अशा विरळ कर्तबगारीवर टांगून ठेवता येत नाही. ज्याच्या अंगी ११४ बळी घेण्याचे कसब नाही, त्यालाही पेल्यातून चहा मिळाला पाहिजे. माझे मत बाबासाहेबांकडे झुकते, आणि ते सांगताना बाळूंविषयीचा आदर तिळभरही कमी होत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ चा, रणजी सामने १९३४ पासूनचे. म्हणून त्या याद्यांत त्यांचे नाव सापडत नाही. आपल्या बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर २०२० साली रणजी करंडकाचा सामना झाला. पिंपळीची, इंदापूरकडची मुले अशा मैदानांकडे आता डोळे लावून असतात. त्यांना बड्या खेळाडूंच्या लिलावांचे आकडे तोंडपाठ आहेत. रूळ फिरवणाऱ्याचा पगार किती, तो कायम आहे की कंत्राटी, हे मात्र त्यांच्यापैकी क्वचितच कोणी विचारतो. विचारावयास शिकवले पाहिजे.

जाता जाता एक सूचना. विठ्ठल पालवणकर यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. आपल्या गावच्या वाचनालयात ते आहे काय, याची चौकशी करा. नसेल तर मिळवण्याच्या खटपटीस लागा. वर्गणीत माझे नाव पहिले धरा.