कीवर्डची कुळकथा

संकेतस्थळावरील मजकूर शोधयंत्राच्या निकालांत वरच्या क्रमांकावर यावा या हेतूने तो विशिष्ट रीतीने लिहिण्याच्या कौशल्याला आज 'एसईओ लेखन' म्हणतात, आणि ते इंटरनेटबरोबर जन्माला आले असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या कौशल्याच्या मुळाशी असलेला कीवर्ड, म्हणजे वाचक ज्या शब्दाच्या आधारे मजकुरापर्यंत पोहोचतो तो शब्द, छापखान्याहूनही जुना आहे. त्याच्या वाटचालीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : एखादा मजकूर कशाविषयी आहे आणि तो किती मोलाचा आहे, याची ग्वाही कोणी द्यायची ?

तेराव्या शतकात पॅरिसमधील सेंट जॅक मठातील डॉमिनिकन संन्याशांनी ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलाची शब्दसूची तयार केली. ग्रंथातील महत्त्वाचे शब्द वर्णानुक्रमाने मांडून प्रत्येक शब्द कोठे कोठे आला आहे हे सांगणारी ही सूची प्रवचनकारांच्या उपयोगासाठी होती. हीच पद्धत पुढे अन्य परंपरांतील ग्रंथांनाही लावण्यात आली, कर्नल जी. ए. जेकब यांनी सिद्ध केलेली प्रमुख उपनिषदे व भगवद्गीता यांची शब्दसूची १८९१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. अशा सूचीत कोणता शब्द घ्यायचा हे सूचीकार ठरवीत असे. मूळ ग्रंथाच्या कर्त्याला आपल्या ग्रंथाची सूची होणार आहे याची कल्पनाही नसल्याने त्याच्या लेखनावर तिचा परिणाम होण्याचे कारण नव्हते.

ही स्थिती विसाव्या शतकात पालटली. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय लेखांची संख्या इतकी वाढली की माणसांनी सूच्या करणे अशक्यप्राय झाले, आणि आयबीएममधील अभियंता हान्स पीटर लून यांनी हे काम संगणकाकडे सोपविण्याचा मार्ग दाखविला. त्यांच्या 'क्विक' नावाच्या सूचीत लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक अर्थवाही शब्द आळीपाळीने मध्यभागी येई आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शीर्षकाचा उरलेला भाग छापला जाई. यंत्र केवळ शीर्षक वाचत असल्यामुळे ज्या लेखाचे शीर्षक मोघम, तो लेख सूचीत असूनही शोधणाऱ्याच्या हाती लागत नसे. साहजिकच लेखाचा विषय नेमका सांगणारे शब्द शीर्षकात आलेच पाहिजेत, असा आग्रह संशोधकांकडे धरला जाऊ लागला. यंत्र कसे वाचते हे जाणून त्यानुसार लिहिण्याची प्रथा येथे सुरू झाली. एसईओ लेखनाचे उगमस्थान म्हणून बोट ठेवायचे असेल तर ते येथेच ठेवावे लागेल.

शब्द सापडला तरी अनेक लेखांपैकी आधी कोणता दाखवावा, हा प्रश्न उरतोच. मजकुरात वारंवार येणारे शब्द त्याचा विषय सुचवितात, ही कल्पना लून यांनी १९५७ मध्ये मांडली होती. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये तिला दुसरी बाजू जोडली : जो शब्द सर्वच लेखांत आढळतो तो निवडीसाठी फारसा उपयोगी नसतो, तर थोड्याच लेखांत आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन द्यायला हवे. शब्दांच्या अशा वजनांवरून क्रमवारी लावण्याचे तंत्र ग्रंथालयांच्या आणि संशोधनाच्या मर्यादित जगात उत्तम चालले, कारण तेथील लेखकांना फसवणुकीतून काही मिळवायचे नव्हते.

१९९४ मध्ये वेबक्रॉलर आणि १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा ही पानांतील संपूर्ण मजकूर शोधणारी यंत्रे आली, तेव्हा हे तंत्र बाजारात उतरले. आपले पान कशाविषयी आहे हे सांगण्याची सोय, म्हणजे वाचकाला न दिसणारी कीवर्डांची यादी, आता लेखकाच्याच हाती आली. ग्राहकाच्या ओढीने अनेकांनी तीत विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द भरले, एकच शब्द शेकडो वेळा लिहिला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर दडविला. ग्वाही देणारा आणि लाभ घेणारा एकच असल्यावर ग्वाहीची किंमत उरत नाही, हे अवघ्या काही वर्षांत सिद्ध झाले.

यावरचा उपायही ग्रंथालयशास्त्राच्या परंपरेतूनच आला. कोणत्या लेखाचा आधार कोणी घेतला आहे याची नोंद ठेवणारी उद्धरण-सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी उद्धरणांमागचा हाच विचार वेबवरील दुव्यांना लावला आणि १९९८ मध्ये 'पेजरँक' ही पद्धत मांडली, जिच्यात प्रतिष्ठित पानांनी दुवा दिलेले पान प्रतिष्ठित ठरते. अशा प्रकारे ग्वाही तिसऱ्याकडे गेली. कीवर्डांची छुपी यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, हे पेज व ब्रिन यांच्या गूगल या शोधयंत्राने २००९ मध्ये जाहीरच केले. पुढे दुव्यांचाही व्यापार सुरू झाला, तेव्हा २०११ च्या 'पांडा' बदलाने उथळ मजकुराला आणि २०१२ च्या 'पेंग्विन' बदलाने बनावट दुव्यांना खाली ढकलले. २०१९ पासून वापरात आलेल्या 'बर्ट' या भाषिक प्रारूपामुळे सुटा शब्द न पाहता वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंध लक्षात घेणे यंत्राला शक्य झाले.

मराठी लेखनाला या इतिहासात स्वतःची अडचण होती. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकापूर्वीच्या फाँटांत देवनागरी केवळ डोळ्यांना दिसे. संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असल्याने असा मजकूर देवनागरीत टंकलेल्या शब्दाने सापडतच नसे. युनिकोडच्या प्रसाराने ती अडचण दूर झाली. तरी 'आंबा' या एका नामाची 'आंब्याच्या', 'आंब्यांना' अशी रूपे होत असल्याने, अक्षरे जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ती निराळी वाटत. अशा यंत्रासाठी एकच रूप ओढूनताणून वारंवार लिहिलेली वाक्ये मराठीत विशेष कृत्रिम वाटतात आणि आता ती अनावश्यकही ठरत आहेत.

या साऱ्या वाटचालीत टिकून राहिलेला नियम लून यांच्या काळातलाच आहे : शीर्षकाने विषय नेमका सांगावा, वाचक जो शब्द वापरतो तो मजकुरात असावा आणि शीर्षकाने दिलेले वचन मजकुराने पाळावे. यंत्राला फसविण्याची प्रत्येक युक्ती काही वर्षांतच निकामी झाली आहे; म्हणून मराठीत या क्षेत्रात लिहिणाऱ्यांनी युक्त्यांमागे न धावता विषयाचा अभ्यास आणि वाचकाच्या शब्दांची जाण यांवरच श्रम खर्चावेत.