सोपारा (प्राचीन शूर्पारक)

सोपारा : उत्तर कोकणातील प्राचीन बंदर व बौद्ध स्थळ. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात ते येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे जुन्या ग्रंथांत सोपाऱ्याचा शोध ‘ठाणे’ या नावाखालीच घ्यावा लागतो. पश्चिम रेल्वेवरील नालासोपारा स्थानकाचे नाव नाळे आणि सोपारा या दोन गावांना जोडून झाले आहे. जुने गाव आणि स्तूपाचे टेकाड स्थानकाच्या पश्चिमेस आहे.

वसईची ही पट्टी एके काळी बेटच होती. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला सोपारा खाडी. ही पूर्वेकडची खाडी गाळाने भरत गेली आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. गास, निर्मळ, भुईगाव या आजच्या वाड्यांतून आणि तळ्यांच्या काठाने फिरताना येथे जहाजे लागत असतील हे पटत नाही. पण बंदराचा सारा इतिहास या गाळाशी बांधलेला आहे.

शूर्पारक, सुप्पारक, सोपारग, सोपारय अशी नावे संस्कृत, पाली आणि प्राकृतात आढळतात. ग्रीक लेखकांनी त्याचे ‘सुप्पारा’ केले, अरबांनी ‘सुबारा’. शूर्प म्हणजे सूप. परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीच्या कथेशी हे नाव जोडले जाते, आणि महाभारतातही शूर्पारक तीर्थ म्हणून येते. बायबलमधला सोन्याचा देश ओफीर म्हणजे सोपाराच, असेही काही जुन्या अभ्यासकांनी मांडले; ते नावाच्या साधर्म्यापलीकडे फारसे गेलेले नाही.

बौद्ध वाङ्मयातले सोपारा मात्र अधिक जिवंत आहे. दिव्यावदानातील पूर्ण हा येथला व्यापारी. समुद्रप्रवास करून चंदन आणणारा हा माणूस पुढे भिक्षू झाला आणि त्या चंदनाचा प्रासाद बुद्धासाठी उभारला गेला, अशी कथा आहे. पालीत त्याचा प्रदेश ‘सुनापरांत’ म्हणून येतो. गंमत अशी की म्यानमारच्या परंपरेने हा सुनापरांत इरावतीच्या पश्चिम काठावर नेऊन ठेवला आणि चंदनाचा विहारही तिथेच दाखवला. व्यापाऱ्यांबरोबर मालच नव्हे, गावेही समुद्रापार जातात. सिंहली महावंसात अशोककाळी धर्मप्रसारासाठी निघालेल्या स्थविरांची यादी आहे; तीत अपरांताकडे (म्हणजे या किनाऱ्याकडे) यवन धम्मरक्खित जातो आणि सुवर्णभूमीकडे (म्हणजे आग्नेय आशियाकडे) सोण व उत्तर. कोकण आणि आग्नेय आशिया एकाच यादीत बसतात ते असे.

शिलालेखांत सोपारा दात्यांचे गाव म्हणून भेटते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपाऱ्याच्या भिक्षूचे दान नोंदलेले आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) येथे धर्मशाळा बांधल्याचे लिहिले आहे. त्याच लेखात इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर विनामूल्य तरी (होड्या) सुरू केल्याची आणि नानंगोल गावातील ३२,००० नारळाची झाडे चरक संन्याशांच्या परिषदांना दिल्याची नोंद येते. या परिषदांपैकी एक शोर्पारगातल्या रामतीर्थावरची. इ. स.च्या दुसऱ्या शतकारंभी या किनाऱ्यावर नारळ ही दान देण्याजोगी मोठी मिळकत होती, हे यावरून उघड होते.

उत्खनन : स्तूपाच्या टेकाडाला गावात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बुरुड सूप विणतो आणि गावाचे नावच शूर्पावरून पडलेले. तेव्हा या राजाचा जन्म गावाच्या नावातूनच झाला असावा, असे वाटते. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी एप्रिल १८८२ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, हे टेकाड उघडले. जुनागढहून आलेले, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले भगवानलाल तेव्हा मुंबई गॅझेटियरसाठी ठाणे जिल्ह्याचे अवशेष पाहत होते. गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांचाही या कामात सहभाग होता.

टेकाडाच्या मध्यात विटांची कोठडी लागली आणि तीत दगडाची मोठी, गोल, झाकणाची पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ कांस्यमूर्ती : विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंतचे सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. या पाचव्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत, असे भगवानलालांनी मांडले. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले.

नाणे दुसऱ्या शतकातले. कांस्यमूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाची. म्हणजे एकदा बंद केलेला स्तूप काही शतकांनी पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात. सातवाहनांनंतर येथला बौद्ध संघ विझला, असे सहज लिहिले जाते, त्याला हा आठ मूर्तींचा पुरावा आडवा येतो. भगवानलालांनी आपला वृत्तान्त रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात दिला आणि करंडक व मूर्ती त्याच संस्थेकडे, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आल्या.

१९३९-४० मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या एम. एम. कुरेशी यांनी येथे पुन्हा खोदकाम केले. मुख्य स्तूपाच्या दक्षिणेला दोन लहान स्तूप मिळाले. मध्ययुगीन काचलेपाची खापरेही आढळली.

अशोकाचे लेख : १८८२ मध्येच भातेला तलावाजवळ भगवानलालांना फत्तराचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश होता. शिकारीच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केल्याची हकिकत या लेखात येते. १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. त्याचा शोध एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांच्या नावावर आहे. लोक, त्यातही बायका, लग्न-आजारपण-प्रवासाच्या निमित्ताने करतात ती मंगलकार्ये बिनफळाची, खरे मंगल दास-नोकरांशी नीट वागण्यात, असे हा लेख सांगतो. चौदा लेखांच्या संचाचे अवशेष महाराष्ट्रात केवळ येथेच मिळाले असून, त्यावरून सोपारा हे अपरांताचे मोठे शासकीय ठाणे असावे असे मानतात.

बंदर : सोपाऱ्यात खणला गेला तो स्तूप. बंदर, बाजार, गोद्या, घरे यांना कुदळ लागली ती तुरळक, आणि आता नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीखाली ती लागणे अवघड. तुलनेसाठी व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशातील ओक-एओ पाहावे. लुई मालेरे यांनी १९४४ मध्ये तेथे वसाहत खणली : कालवे, विटांच्या इमारती, ब्राह्मी अक्षरांच्या मुद्रा आणि रोमन सम्राट अँटोनायनस पायसचे सुवर्णपदक. पदक इ. स. १५२ चे, म्हणजे यज्ञ सातकर्णीच्या नाण्याच्या थोडेच आधीचे. एकाच काळातल्या या दोन बंदरांपैकी आग्नेय आशियातल्या बंदराचा बाजार आपल्याला दिसतो आणि कोकणातल्या बंदराची फक्त देवडी.

शेजारच्या कल्याण बंदराची अवस्था याहून बिकट आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात सुप्पाराच्या पाठोपाठ ‘कल्लिएना’ येते. थोरल्या सरगनस राजाच्या काळी ती अधिकृत पेठ होती, पण संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर पुनःपुन्हा येतात. उल्हास खाडीकाठची ती पेठ आज भरवस्तीच्या पायाखाली आहे आणि तिचा पत्ता दुसऱ्यांच्या लेण्यांतल्या दानलेखांवरून लावावा लागतो.

उत्तरकाल : शिलाहारकाळी राजधानी ठाण्यास (श्रीस्थानक) असली, तरी सोपाऱ्याची पत होती. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने आपला पंडित तेजकंठ याला काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठवले. काश्मीरी कवी मंखाच्या श्रीकंठचरित या काव्यात त्याची नोंद शूर्पारकाच्या नावासकट आहे. १३२१ मध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले, तेव्हा त्यांचे सहकारी जॉर्डेनस यांनी मृतदेह ‘सुपेरा’ येथे नेऊन पुरले. पुढे पोर्तुगीज आले ते वसईला. तोवर सोपाऱ्याची खाडी बुजत चालली होती आणि किनाऱ्याचे सारे महत्त्व वसईच्या किल्ल्याकडे गेले.

गावातील चक्रेश्वर मंदिराच्या आवारात तळ्याकाठी जुनी शिल्पे ठेवलेली असून त्यांत ब्रह्मदेवाची मूर्ती विशेष पाहण्याजोगी आहे. स्तूपाचे विटांचे टेकाड कुंपणात आहे, आणि बुद्धपौर्णिमेला तेथे उपासकांची गर्दी होते. ज्या करंडकांमुळे या टेकाडाचे नाव झाले ते मात्र पाहायचे तर मुंबईला जावे लागते.