भायखळ्याचे कैदी आणि कायदा

नव्या औषधाची परीक्षा ज्याच्या देहावर व्हावयाची, त्याचा कैवार कायद्यानें केव्हां घेतला, हें पाहावयाचें तर प्रथम १८९७ च्या मुंबईंत गेलें पाहिजे.

शहरांत प्लेगनें हाहाकार मांडला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारीस ती स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. येथवर त्यांच्या धैर्यास नमस्कारच केला पाहिजे. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. ३० जानेवारीस तेथील सुमारें दीडशें कैद्यांनीं लस घेतली. त्यांहून थोडे अधिक तसेच राहिले. त्याच दिवशीं ज्यांस रोग जडलेला आढळला ते वगळले, तर लस घेतलेल्यांपैकीं दोघे आजारी पडले व दोघेही वांचले. न घेतलेल्यांपैकीं १२ आजारी पडले, ६ दगावले. लशीचा गुण दिसून आला.

हे कैदी स्वेच्छेनें पुढें आले, असें सांगतात. मी येथें अडखळतों. ज्याच्या दारास बाहेरून कुलूप आहे आणि शेजारच्या कोठडींत मरण येऊन बसलें आहे, त्याची स्वेच्छा ती कोणती? शिवाय जो "नको" म्हणाला, त्याचाही आंकडा दुसऱ्या रकान्यांत मांडला गेलाच. त्यास कोणी विचारलें होतें?

पांचच दिवसांनीं, ४ फेब्रुवारीस, साथीच्या रोगांचा कायदा झाला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास तो लागू असल्यानें मुंबईप्रमाणें रामटेकही त्याच्या कक्षेंत आलें. त्यान्वयें सद्भावनेनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाहीं, असें त्याचें चौथें कलम. (तें आजही कायम आहे.) हा कायदा प्रयोगांसाठीं नव्हता, हें खरें, पण संरक्षणाची आठवण झाली ती अधिकाऱ्याच्या, रयतेच्या नव्हे. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. तेव्हांही वर्षानुवर्षें वाद माजला तो बाटली कोठें दूषित झाली याचाच.

ऑगस्ट १९४७ मध्यें नुरेंबर्ग येथें नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. संमति हवी, आणि ती देणारा मोकळेपणीं निवड करूं शकेल अशा स्थितींत असला पाहिजे, हें त्यांतील पहिलें तत्त्व. परंतु तो कांहीं आपला कायदा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९८० सालीं या विषयावर निवेदन काढलें, तेंही मार्गदर्शनापुरतें. पुढें स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली, आणि ३० जानेवारी २०१३ रोजीं, म्हणजे भायखळ्याच्या तारखेसच, चाचणींत इजा झाल्यास फुकट उपचार व भरपाई देण्याचा नियम निघाला. त्यास ११६ वर्षें लागलीं.

२०१९ च्या नियमांनीं ही व्यवस्था अधिक विस्तारानें मांडली. आतां रामटेकच्या एखाद्या निरक्षर शेतकऱ्यास नव्या औषधाच्या चाचणीसाठीं नागपुरास बोलाविलें, तर त्याला कळेल अशा भाषेंत सारें समजावून देतांना निःपक्षपाती साक्षीदार समोर असावा लागतो. आणि अंगठा उठविल्यावरही, कारण न सांगतां, तो केव्हांही उठून घरीं जाऊं शकतो.